आमच्या स्काउट पथकाच्या आठवणी: नोंदवही भिजली, आता तुम्हीच सांगा

कोल्हापुरातल्या आमच्या शाळेतल्या स्काउट खोलीचे जुने कागद २००५ च्या महापुरात गेले. पथकाची पहिली नोंदवही, शिबिरांचे हिशेब, कोणी कोणता सोपान (स्काउट परीक्षेचा टप्पा) कधी पूर्ण केला त्याचे तक्ते, सगळ्याचा लगदा झाला. पाणी उतरल्यावर मी कट्ट्यावर पानं पसरून वाळवत बसलो होतो. शाई उतरून नुसते निळे डाग राहिले होते.

वाचला तो गाठींचा फळा, भिंतीवर उंच टांगलेला म्हणून. त्यावर बारा खिळे आणि अकरा गाठी आहेत. बाराव्या खिळ्याखाली पांढऱ्या रंगात ‘बोलाइन’ लिहिलंय, पण दोरी नाही. मी १९८६ ला पथकात आलो तेव्हा ती जागा भरलेली होती, हे पक्कं आठवतंय.

पथकाचा इतिहास लिहायला घेतलाय आणि तो आता फक्त तुमच्याकडे आहे. काय काय मोठं केलं याची यादी नको. एखादीच गोष्ट सांगा, पण नीट सांगा. कोणाची नावं घालू नका, साल आणि पेठ पुरे.

१९५७, शुक्रवार पेठ

नातू टाइप करतोय, मी सांगतोय. आमच्या वेळी स्काउटच्या टप्प्यांना टेंडरफूट, सेकंड क्लास असं म्हणत. खाकी हाफ पँट, गळ्यात स्कार्फ, हातात खांद्याएवढी काठी. आमच्या मास्तरांकडे दोन बिल्ले होते, एक बॉय स्काउट्स असोसिएशनचा आणि एक हिंदुस्थान स्काउट असोसिएशनचा. दोन कशाला, हे त्यांनीच सांगितलं. १९०९ ला बंगळुरात पहिलं पथक निघालं ते गोऱ्यांच्या पोरांसाठी, आपल्या मुलांना तिथं प्रवेश नव्हता. मग अ‍ॅनी बेझंट, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू अशा मंडळींनी आपल्या मुलांसाठी वेगळ्या संघटना काढल्या. ७ नोव्हेंबर १९५० ला दोन्हीकडचे एक झाले आणि भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था झाली. दर ७ नोव्हेंबरला मास्तर ते दोन बिल्ले टेबलावर शेजारी शेजारी मांडायचे. भाषण नाही, काही नाही. आम्ही रांगेनं जाऊन बघायचं आणि मग फुटाणे घ्यायचे. आज पथकातल्या पोरांना हे कोणी सांगतं का?

१९७४, मंगळवार पेठ

माझी गोष्ट पन्हाळ्याची. रात्रीच्या जेवणानंतर शाळेतून चालत निघालो. केर्लीपर्यंत गाणी चालली होती, वाघबीळच्या चढाला सगळे गप्प. उजाडताना वर पोचलो आणि पावसाची सर आली. आमच्या गरुड संघाकडं सकाळचा स्वयंपाक होता. नियम असा, की चूल दोन काड्यांत पेटली पाहिजे, तिसरी काडी मागितली की गुण गेले. पहिली काडी वाऱ्यानं घालवली. संघनायकानं ओल्या लाकडांची साल चाकूनं सोलली आणि आतला कोरडा गाभा तासून बोटाएवढे पातळ ढलपे काढले. एका मुलानं खिशात गवताचा पुंजका ठेवला होता, रात्रभर चालून अंगाच्या उबेनं तो वाळला होता. तो खाली, वर ढलपे, आणि आम्ही पाच जणांनी टोप्या धरून वारा अडवला. दुसरी काडी लावली. धूर, नुसता धूर. मग पिवळी जीभ दिसली.

भात खाली लागला आणि वर कच्चा राहिला, पिठलं मात्र झकास झालं. नंतर मी तीस वर्षं फौंड्रीत काढली, भट्टी पेटताना बघितली की प्रत्येक वेळी तो पुंजका आठवायचा. तो मुलगा गंगावेशीत राहायचा, पुढं संपर्क तुटला. हे वाचत असशील तर लिही रे.

१९८३, उत्तरेश्वर पेठ

मुलींबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. गाइड, म्हणजे मुलींचे स्काउट, आम्हीही होतो, आणि मुलींनी मागून घेतल्याशिवाय काही मिळालेलं नाही. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काउटांचा मेळावा होता, तिथं मुली आपणहून जाऊन उभ्या राहिल्या आणि आम्हालाही घ्या म्हणाल्या. त्यानंतर १९१० ला गाइड सुरू झालं. आमच्याकडंही आम्ही सात जणी बाईंच्या मागं लागलो होतो. पहिले स्कार्फ माझ्या आईनं शिवले, एकाच थानातून.

खरी कमाईला, म्हणजे स्वतः काम करून पैसे मिळवायच्या स्काउट-गाइड उपक्रमाला, आम्ही भडंग केलं. चुरमुरे माझ्या काकांच्या दुकानातून, लसूण सोलायला सगळ्या जणी. वर्तमानपत्राच्या पुड्या बांधून रंकाळ्यावर संध्याकाळी उभ्या राहिलो. पहिला अर्धा तास तोंडातून आवाज फुटेना. मग एक आजोबा आले, पुडी घेतली, तिथंच उभं राहून खाल्ली आणि म्हणाले, “पोरींनो, मीठ कमी हाय, पण आणखी दोन द्या.” सगळा खर्च जाऊन ४७ रुपये राहिले. त्यातून प्रथमोपचाराची पेटी आली. पुढच्याच चैत्रात जोतिबाच्या यात्रेत ती पेटी घेऊन आम्ही पाण्याच्या टाकीजवळ बसलो होतो. डोळ्यांत गुलाल गेलेल्या बाळांचे डोळे धुऊन देणं, दिवसभर हेच काम. घरी पोचेपर्यंत आम्हीही गुलाबी.

१९९६, राजारामपुरी

स्काउटच्या राज्य पुरस्काराची तयारी पूर्ण झाली होती, पण माझा अर्ज वरच्या कार्यालयात वेळेत पोचलाच नाही. कोणाच्या टेबलावर राहिला ते कळलं नाही. आजही वाईट वाटतं. सरांनी मात्र त्यांची स्वतःची शिट्टी मला दिली. लॅनयार्डसकट, म्हणजे गळ्यात अडकवायच्या दोरीसकट आहे. इतिहासात घेणार असाल तर फोटो पाठवतो.

१९९१, दुधाळी

बोलाइनची दोरी माझ्याकडे आहे.

बाकीच्या गाठी मला जमायच्या, ही एकच जमत नव्हती. सर सांगायचे, साप बिळातून वर येतो, झाडाला वळसा घालतो, परत बिळात जातो. माझा साप दर वेळी उलटीकडून वळायचा. परीक्षा दोन दिवसांवर आली तेव्हा फळ्यावरची दोरीच काढून घरी नेली, बघत बघत सराव करायला. रात्री अंथरुणात, डोळे मिटून, पाठीमागं हात नेऊन. पास झालो. दोरी परत लावायची लाज वाटली, मग दहावी झाली आणि शाळाच सुटली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये प्रयाग चिखलीला मावशीच्या घरी अडकलो होतो. पाणी माळ्याला लागायला आलेलं. नाव आली, पण शेजारच्या आजींना कौलांवरून खाली कसं घ्यायचं? गुडघे चालत नव्हते, हाताला धरून उतरवलं तर घसरणार. नावेतला दोर वर फेकला त्यांनी. आजींच्या काखेखालून फिरवला आणि बोलाइन मारली. या गाठीचा फास कितीही ओढ बसली तरी आवळत नाही, छातीभोवती घट्ट होत जात नाही. अंधार होता, पाऊस होता, हात बधिर झाले होते. सापानं बरोबर वळसा घेतला. दोर मी कंबरेमागून घेऊन सोडत गेलो आणि आजी हळूहळू नावेत उतरल्या. खाली पोचल्यावर म्हणाल्या, “सोड की आता, का बांधूनच नेतोस?”

फळ्यावरची दोरी आईच्या ट्रंकेत आहे, सुती, दीड हात, एका टोकाला लाल दोरा गुंडाळलेला. रविवारी सकाळी खोली उघडी असेल तर घेऊन येतो. खिळा आहे ना अजून?