देवडी, ढाळज, पागा, तबेला: कुठला शब्द कुठे वापरायचा?

प्रश्न

इंग्लंडमधल्या डर्बीशरमध्ये चॅट्सवर्थ म्हणून डेव्हनशरच्या ड्यूकांचा प्रचंड वाडा आहे. त्याची छायाचित्रं इथल्या मराठी मंडळात दाखवायची आहेत आणि खाली मराठी ओळी लिहायच्या आहेत. दोन ठिकाणी अडले आहे. अशा इस्टेटींच्या फाटकाशी एक छोटं दगडी घर असतं, त्याला तिथे लॉज म्हणतात. मराठीत 'लॉज' लिहिलं तर लोकांना भाड्याच्या खोल्या वाटतील. 'देवडी' चालेल का? दुसरी अडचण घोड्यांच्या इमारतीची. ती जेम्स पेन या वास्तुविशारदाने चौथ्या ड्यूकसाठी १७६०च्या सुमारास उभारली. मधे चौक, प्रवेशाच्या कमानीवर घड्याळाचा मनोरा आणि ८० घोड्यांची सोय. हिला पागा म्हणू की तबेला?

उत्तर

देवडी नको. देवडी ही बसायची जागा आहे, राहायची नव्हे. गडाच्या दरवाजातून आत शिरलं की डाव्या-उजव्या अंगाला पाहा: जमिनीपासून उंच घेतलेलं जोतं, तीन बाजूंना भिंत, वर कमान आणि वाटेकडची बाजू सताड उघडी. पहारेकरी तिथे बसला की ऊन-पाऊस लागत नाही आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याच्या डोळ्यांसमोरूनच जातो. शेजारच्या भिंतीत अडसर सरकवायचं खोल चौकोनी भोक दिसतं. रात्री दिंडी (मोठ्या दारातलं छोटं दार) लावून अडसर ओढला की त्याचं काम झालं. तिथे चूल मांडून संसार कोण करणार? रायगडाच्या महादरवाजाचं वर्णन करतानाही 'पहारेकऱ्यांच्या देवड्या' आणि 'संरक्षकांच्या राहण्याच्या खोल्या' अशी वेगवेगळीच नोंद करतात. तुमच्या लॉजात फाटक उघडणारा माणूस बायकापोरांसह राहायचा. सरळ 'दरवानाचं घर' लिहा, कुणालाही कळेल.

(जाता जाता: ट्रेकच्या वर्णनांत हल्ली 'देवडी' आणि 'देवळी' यांची सरमिसळ फार दिसते. देवळी म्हणजे भिंतीतला दिवा ठेवायचा कोनाडा. पहारेकऱ्याला कोनाड्यात बसवू नका, ही मनापासून विनंती.)

सोलापूरहून

आमच्या भागात वाड्याच्या दारातल्या अशा जागेला ढाळज म्हणतात. मधून वाट, दोन्ही बाजूंना उंच कट्टे, वर माळवद (मातीचं सपाट छप्पर). आलेला माणूस आधी ढाळजेत टेकणार, पाणी पिणार आणि काम मोठं असेल तरच पुढे चौकात जाणार. म्हणजे ढाळजही बसण्याचीच जागा. फाटकापाशी सुटं उभं असलेलं घर हे ढाळज नव्हे, देवडीही नव्हे.

उत्तर (पुढे चालू)

आता पागा. हा शब्द मला फार जवळचा आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

पागा म्हणजे फक्त छप्पर नव्हे. त्यात सरकारी घोडी आली, त्यांच्यावर बसणारे बारगीर आले, घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार आले, दाणावैरणीचा हिशेब आला. स्वतःचं घोडं घेऊन येणारा तो शिलेदार, आणि पागेचं घोडं मिळणारा तो बारगीर. शिवाजी महाराजांवरच्या सभासद बखरीतली रचना पाहा: २५ बारगिरांवर एक हवालदार आणि तेवढ्या घोड्यांमागे एक पखालजी (पाणी वाहणारा), एक नालबंद (नाल ठोकणारा). राज्यकारभारातल्या बारा महालांत, म्हणजे खात्यांत, टांकसाळ आणि कोठी यांच्या पंगतीत पागाही बसते. ते एक खातंच होतं. पागेचा हिशेब ठेवणारा पागनीस. हैदराबादचे पायगा अमीर, म्हणजे निजामाचे बडे सरदार, ऐकले असतील, त्यांच्या नावात हाच फारसी शब्द आहे.

शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीबद्दलचं पत्र वाचलं की हे खाते काय असतं ते कळतं. पावसाळ्यात दाणा आणि गवत पुरवून वापरा. चुली, चिलमी, दिवे जपा. उंदराने जळती वात ओढून नेली तरी गवताची गंज पेटेल आणि मग घोडी उपाशी मरतील. काळजी सगळी चाऱ्याची आणि जनावरांची. इमारतीचा तोरा कुठेच नाही.

चॅट्सवर्थला उलट आहे. तिथे मुद्दाच इमारतीचा आहे. म्हणून तिला पागा म्हणू नये.

इंदूरहून

पटलं. आमच्या इंदुरात पागनीसपागा नावाचा भागच आहे. घोडी कधीच गेली, नाव टिकलं. पुण्याची हुजूरपागाही तशीच. १८८४ साली सुरू झालेली मुलींची शाळा पेशव्यांच्या खाशा पागेच्या जागेवर आहे आणि आज त्याच नावाने ओळखली जाते. पागा हा शब्द जागेला चिकटतो, भिंतींना नाही.

पण मग तबेला लिहायला काय हरकत आहे?

उत्तर

अर्थाने हरकत काहीच नाही. तबेला मुळात घोड्यांचाच. पण मुंबईच्या वाचकाला तबेला म्हटलं की गोरेगाव-जोगेश्वरीच्या म्हशी दिसतात. नुसतं 'तबेला' लिहाल तर घोटाळा, 'घोड्यांचा तबेला' लिहाल तर ठीक. 'अश्वशाळा' बरोबर आहे, पण जरा पोथीतला वाटतो. माझी पसंती 'घोडशाळे'ला.

प्रश्नकर्ती

म्हणजे 'दरवानाचं घर' आणि 'घोडशाळा'. आत एकेका घोड्याची जागा असते, तिला काय म्हणू? 'कप्पा' लिहिलं होतं, पण पुस्तकांच्या कपाटासारखं वाटतं.

उत्तर

त्याला ठाण म्हणतात. 'घोडं ठाणावर बांधलं' असंच बोलतात. आपल्याकडे ठाणाला भिंती असायच्याच असं नाही. मेखा ठोकून, अगाडी-पिछाडी (पुढच्या-मागच्या बाजूचे दोर) लावून घोडी ओळीने बांधायचे. तरी शब्द बांधायच्या जागेचा आहे, तेव्हा भिंतींच्या आड असलेल्या जागेलाही चालतो. गव्हाण मात्र गुरांची म्हणून डोक्यात बसली आहे, ती इथे टाळा. आणि ओळ अशी लिहिता येईल: 'चॅट्सवर्थची घोडशाळा. मधे चौक, कमानीवर घड्याळाचा मनोरा, ८० घोड्यांची ठाणं.'