खनिजाचा 'कस' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न (सातारा, बी.एस्सी. पहिलं वर्ष):
खनिजांच्या गुणधर्मांत रंग, चमक, कठिनता, पाटन यांच्याबरोबर 'कस' येतो. आमच्या घरी कस म्हणजे जमिनीचा. ऊस घेऊन घेऊन रानाचा कस गेला, असं आजोबा म्हणतात. मग खनिजाचा कस म्हणजे त्याचा दर्जा का? 'हेमॅटाइटचा कस तांबडा' याचा अर्थच लागेना.

उत्तर (विटा, गलाईवाले घर):
दर्जा नव्हे, रेघ. आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलीत, त्यातल्या कुणालाही विचार. सोनं कसोटीच्या काळ्या दगडावर घासलं की जी रेघ उमटते तो कस. शेजारी माहितीतल्या कॅरेटच्या सोन्याची रेघ ओढायची आणि दोन्हींवर तेजाब फिरवायचं. पितळेची रेघ जागेवरच विरघळते, चोख सोन्याची तशीच राहते. दागिन्याच्या रंगावर जायचं नाही, रेघेच्या रंगावर जायचं. आता टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, मशिनवर काढतात, तरी 'कस लावून बघ' हेच तोंडात येतं.

उत्तर (सांगली, भूगर्भशास्त्र शिकवायचो):
विट्याच्या दादांनी मूळच सांगितलं. संस्कृतात 'कष्' म्हणजे घासणे, 'निकष' म्हणजे कसोटीचा दगड. खनिजाचा कस म्हणजे घासल्यावर पडणाऱ्या भुकटीचा रंग. हेमॅटाइटचा तुकडा पोलादासारखा काळा-करडा असू दे नाहीतर मातकट लाल, भुकटी तांबडीच. मॅग्नेटाइटही काळंच, पण त्याचा कस काळा. दोन्ही लोहाची ऑक्साइडं, हातात घेतल्यावर फसवणारी. एका रेघेत वेगळी होतात. पायराइट म्हणजे लोहाचं सल्फाइड, दिसायला पिवळंधमक. सोनं समजून माणसं त्याला भुलली आहेत. त्याचा कस हिरवट काळा, सोन्याचा पिवळा.

याचं कारण असं, की तुकड्याचा रंग पृष्ठभागावर चढलेल्या गंजानं, कणांच्या आकारानं, किंचित भेसळीनंही बदलतो. भुकटीचा रंग फारसा बदलत नाही. सोनाराच्या कसात मात्र एक फरक आहे. सोनं मऊ आणि वर्धनीय, म्हणजे ठोकलं तर न तुटता पसरणारं असल्यानं त्याची भुकटी होत नाही, पातळ थर दगडाला चिकटतो. म्हणून ती रेघ चमकते. ती काळ्यावर खुलते. खनिजाच्या भुकटीला पांढरी पाटी लागते, बिनझिलईच्या चिनी मातीची. टाइलची मागची खरबरीत बाजूही चालेल.

जमिनीचा कस म्हणजे सत्त्व, सुपीकता. तो अर्थ इथं आणू नकोस. आणि कस खनिजाचा असतो, खडकाचा नव्हे. पाचगणीचा जांभा घासलास तर पिवळसर तपकिरी ते तांबडी रेघ येईल, पण ती त्यातल्या गोथाइट-हेमॅटाइट या लोहखनिजांची. शब्द मात्र बदलू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. हल्ली वर्गात सरसकट 'स्ट्रीक' म्हणतात. 'कस' म्हटलं की काय करायचं ते हातालाच कळतं, इतकी नेमकी संज्ञा सहजी मिळत नाही.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे सर, दादा. आमच्याकडे विहीर खोदताना काळ्या दगडाच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक निघालेत. त्यांचा कस घेऊ?

उत्तर (सांगली):
घेऊन उपयोग नाही, बाळ. आपल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत कॅल्साइट, क्वार्ट्‌झ आणि स्टिल्बाइटसारखे झिओलाइट सापडतात; सगळ्यांचा कस पांढरा. क्वार्ट्‌झची कठिनता मोहस्‌च्या 1 ते 10 या मापावर 7, म्हणजे जवळपास पाटीएवढीच, त्यामुळे पाटीलाच ओरखडा पडायचा. आधी काचेवर ओढ. काच कापली गेली तर क्वार्ट्‌झ. नाही कापली तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब, सरांच्या देखरेखीखाली. फसफसलं तर कॅल्साइट. फसफसलं नाही, चाकूनं ओरखडा पडला आणि एका बाजूला मोत्यासारखी चमक दिसली, तर बहुधा स्टिल्बाइट. पोकळीसकट दगडाचा फोटो टाक, स्फटिक सुटे करू नकोस.