मास्तरनी हात लावला की पोरं उडतात, हे खरं असतं का?

सांगलीचा_पालक: पोरगा आयकिडोच्या, म्हणजे त्या जपानी मार्शल आर्टच्या क्लासला जातो, परवा डेमो बघितला, सरांनी नुसतं मनगट धरलं की समोरचा गिरकी घेऊन मॅटवर. कुणीच अडवत नाही, मग शिकतायत काय? काळजी वाटते हो.

तांबडी_माती: सगळंच खोटं नाही दादा. पडणाऱ्याला तिकडं उके म्हणतात, मनगट पिरगळल्यावर अडून राहिला तर सांधा दुखावतो म्हणून तो स्वतःच पडतो. पण सवय लागली की हात लागायच्या आधीच पडतात, घोळ तिथं आहे. आमच्या तालमीत वस्ताद ढाक हा कुस्तीचा डाव दाखवताना जोडीदार गप उभा असतो, पण नंतर लढत लागली की तोच गडी मान आखडून धरतो, घामानं हात सटकतो, डाव बसला तर बसला.

जुडोवाला: म्हणूनच १८८२ ला जुडो सुरू करणाऱ्या जिगोरो कानोंनी रांदोरीवर, म्हणजे मोकळ्या झटापटीवर भर दिला. २०१७ ला चीनमध्ये एमएमएवाल्या (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, सगळ्या प्रकारांची मिळून लढत) शू शियाओदोंगनं ताई ची या चिनी मार्शल आर्टच्या एका मास्तरला काही सेकंदांत खाली पाडलं, तिथं पडून देणारा शिष्य नव्हता ना.

सांगलीचा_पालक: मोकळी झटापट कधी घेता, विचारतो उद्याच सरांना.