सल्ला हवा: १३० वर्षांचं दगडी कार्यालय, दुरुस्ती कुठून सुरू करू?

जिन्याखालचा:
मंडळी, आमच्या संस्थेची तीन मजली इमारत साधारण १३० वर्षांची आहे. खाली दगड, वर वीट, सगळं चुन्यातलं. मजल्यांना लोखंडी गर्डर आणि त्यांवर विटांच्या बुटक्या कमानी. खिडक्या लाकडी. कार्यालय इथेच चालवायचंय, पण एसी, नेटवर्क, लिफ्ट हवी. कंत्राटदार म्हणतो, गिलावा खरवडून सिमेंट मारू, खिडक्या काढून अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या लावू, वर फॉल्स सीलिंग. सहा महिन्यांत चकाचक. तळमजल्याला कमरेपर्यंत ओल आहे. मागे एकदा तिथे सिमेंटचा गिलावा केला होता, तरी पोपडे सुटतातच. काम माझ्या गळ्यात पडलंय आणि बांधकामातलं मला ओ की ठो कळत नाही. आधी कोणाला गाठू?

चुनेवाला:
'तरी' सुटतात म्हणताय, ते 'म्हणून' सुटतात असं वाचा. चुन्याच्या भिंतीत ओल शिरते आणि चुन्यातूनच वाळून बाहेर पडते. सिमेंटने ती वाट बुजवली की पाणी भिंतीत वर चढतं, लोणा, म्हणजे पाण्यातले क्षार, गिलाव्याच्या पाठीमागे साठतो. क्षारांचे खडे होताना ते गिलावा तर ढकलतातच, विटेच्या तोंडाचाही भुगा करतात. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ चं. म्हणजे तुमची इमारत उभी राहिली तेव्हा सिमेंट होतं, तरी गवंड्यांनी चुनाच वापरला.
सिमेंट छिन्नीने हळूहळू उतरवा, ब्रेकर लावू देऊ नका. मग भिंत उघडी राहू द्या. जाड भिंत वाळायचा ढोबळ हिशेब महिन्याला इंचभर, म्हणून ते सहा महिने विसरा. दर्जा, म्हणजे विटा-दगडांमधले सांधे, तेही चुन्यानेच भरा. दर्ज विटेपेक्षा मऊ हवी, झिजायचं ते तिने झिजावं.
पण हे सगळं नंतर. पाणी येतंय कुठून ते आधी शोधा. जोराच्या पावसात बाहेर उभं राहून पन्हळी बघा.

तावदान:
खिडक्या फेकू नका!! एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या ६,५१४ खिडक्यांची तावदानं इमारतीतच कारखाना थाटून नव्याने घडवली, जुन्या काचा वापरून. ती इमारत १९३१ ची आणि खिडक्याही मूळच्या नव्हत्या, पण हिशेब तोच: असलेली काच टाकायची कशाला? तुमच्या चौकटींचा कुजलेला तळ तेवढा कापून नवा तुकडा सांधता येतो. आवाज आणि एसीची गळती थांबवायला आतून दुसरं काचेचं तावदान बसवा, बाहेरून काही दिसत नाही. जुन्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता, तपासल्याशिवाय कोरडं घासू नका, जाळून तर मुळीच काढू नका.

रोखठोक:
हे सगळं छान, पण तिथे माणसं कामाला बसणार आहेत. संग्रहालय करताय का?

गर्डर:
@रोखठोक, वारसा वास्तूंच्या संवर्धनाचा १९६४ चा आंतरराष्ट्रीय व्हेनिस जाहीरनामाही वास्तू वापरात ठेवा असंच सांगतो, फक्त वापरापायी तिची मांडणी बिघडवू नका म्हणतो. मला तर ओस पडलेल्या वारसा इमारतीपेक्षा गजबजलेलं कार्यालय बरं वाटतं.
@जिन्याखालचा, मला काळजी गर्डरची. भिंतीत शिरलेलं टोक ओलीने गंजतं, गंज फुगतो आणि दगड फोडतो. त्याच्याखाली फॉल्स सीलिंग केलंत तर पुढची दहा वर्षं कोणी वर बघणार नाही. आधी चार-सहा टोकं उघडून बघायला लावा. फायलींची सरकती कपाटं आणि यूपीएसच्या बॅटऱ्या यांचं वजन इंजिनीअरला लिहून द्या. ही मंडळी हमखास विसरली जातात.
वायरी भिंतीत खाचा मारून नकोत, उघड्या नळीतून न्या. भोक पाडायचं तर दर्जेत, दगडात नाही. आज लावलेलं उद्या काढता आलं पाहिजे. लिफ्ट मागच्या बाजूला बाहेरून, जिन्याला हात नको.

बाजूचं_टेबल:
+१. आणि कंत्राटदार बदला 😄

जिन्याखालचा:
काल पावसात छत्री घेऊन उभा राहिलो. मागच्या पन्हळीचा नळ कोपरात फुटलाय, सगळं पाणी भिंतीवर. शिवाय बाहेरची फरसबंदी थरावर थर चढवून आतल्या जमिनीपेक्षा वीतभर उंच झालीय! म्हणजे भिंत चक्क पाण्यात उभी. पण गाठू कोणाला, ते राहिलंच.

चुनेवाला:
सापडला की चोर. नळ आजच बदला, त्याला कोणाची वाट बघायची गरज नाही. मग संवर्धनाचं काम करणारा आर्किटेक्ट आणि जुन्या इमारती हाताळलेला स्ट्रक्चरल इंजिनीअर, दोघं मिळून. कंत्राटदार त्यानंतर. आर्किटेक्टला झालेल्या कामांचे फोटो मागू नका, पाच वर्षांपूर्वीचं एखादं काम प्रत्यक्ष दाखवायला सांगा. तिथे भिंतीच्या तळाला हात लावून बघा.

गर्डर:
आणि फरसबंदी उतरवताना खोदाई इमारतीच्या पायाच्या खाली जाऊ देऊ नका. इंजिनीअर आल्याशिवाय कुदळ नको.