‘डेमोक्रॅट मतदार घरी झोपला’ म्हणे! एडिसनहून उत्तर

एडिसनकर:
काल इथं एकानं लिहिलं, "डेमोक्रॅट मतदाराचा उत्साह २००८ मध्येच संपला, २०२४ ला तो घरी झोपला." वाचून डोकं सणकलं.

अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅट बायडन यांना २०२० मध्ये ८ कोटी १२ लाख मतं, २०२४ ला कमला हॅरिस यांना साधारण साडेसात कोटी. घट खरीच. पण कुठं? विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, नेवाडा, या चारही राज्यांत हॅरिस हरल्या तरी त्यांना बायडन यांच्यापेक्षा जास्त मतं पडली. तिथं पक्ष दारोदार फिरला. आमच्या न्यू जर्सीत बायडन १६ टक्क्यांनी जिंकले होते, हॅरिस जेमतेम ६. माझ्या दारात कुणी फिरकलं नाही, साधं पत्रकही नाही.

२००८ च्या जानेवारीत मी ओबामांसाठी आयोवाला गेलो होतो. व्हिसावर होतो, मत नव्हतं. तिथं पक्षाचा उमेदवार सभेत (कॉकस) ठरतो: शाळेच्या जिममध्ये प्रत्येक उमेदवाराच्या समर्थकांचा वेगळा कोपरा, बुटांवरचा बर्फ वितळून फरशी ओली. बायडन यांच्या कोपऱ्यात चार माणसं; टिकायला १५ टक्के लागतात, ते काही भरेनात. त्यातल्या एक आजी उठल्या, घडीची खुर्ची ओढत ओबामांच्या कोपऱ्यात आल्या. शेजारचा मुलगा तीनदा घरी येऊन गेला, म्हणाल्या. मतदार असा उठतो.

डेट्रॉईटची माई:
आमच्याकडे ऑक्टोबरभर रोज बेल वाजत होती. तरी मिशिगनमध्ये हॅरिसना बायडनपेक्षा ६७ हजार मतं कमी. फेब्रुवारीच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात, लाखावर लोकांनी गाझा युद्धाच्या निषेधात ‘अनकमिटेड’वर (कुणालाच पाठिंबा नाही) खूण केली होती. माझी इथल्या शेजारच्या डिअरबॉर्नची मैत्रीण, वीस वर्षं डेमोक्रॅट, नोव्हेंबरात अध्यक्षपदाचा रकाना कोरा ठेवून आली. गाझातले तिचे नातेवाईक गेले. तिच्या दारात कुणाला पाठवणार होतात?

नाना शिकागो:
सगळा घोळ बायडननी केला. २०२४ च्या २१ जुलैला माघार, मतदानाला उरले १०७ दिवस. पहिल्या चोवीस तासांत हॅरिसच्या प्रचाराला ८ कोटी १० लाख डॉलर जमले, म्हणजे उत्साह होता! वर्षभर आधी बाजूला झाले असते तर रीतसर प्रायमरी झाली असती.

सांगलीकर डॅलस:
एडिसनकर, तुम्ही मत नसताना बर्फात फिरलात. आमच्यासाठी कोण फिरलं? आधीची फाईल कंपनीच्या वकिलानं बिघडवली, २०१४ पासून पुन्हा ग्रीन कार्डच्या रांगेत आहे. २००९ आणि २०२१, दोन्ही वेळा अध्यक्ष आणि संसदेची दोन्ही सभागृहं (सिनेट, हाऊस) डेमोक्रॅट्सकडे. एका देशाच्या लोकांना सात टक्क्यांहून जास्त ग्रीन कार्डं नाहीत, ही अट हलली का?

नाना शिकागो:
इथं विषय मतदारांचा चाललाय. तुम्हाला मत नाही, रांगेचं रडगाणं दुसरीकडे गा.

सांगलीकर डॅलस:
रडगाणं? माझी मुलगी मार्चमध्ये २१ ची होते. चार वर्षांची असताना आली, मराठीपेक्षा इंग्रजी बरी बोलते. त्या दिवशी माझ्या व्हिसावर मिळालेला तिचा डिपेंडंट व्हिसा संपतो. तुमची पोरं इथं जन्मली म्हणून तुम्हाला हे सुचतं.

नाना शिकागो:
माझ्या पोरांना मध्ये आणू नका. मीही अकरा वर्षं रांगेत काढली आहेत.

डेट्रॉईटची माई:
नाना, तुम्ही बसलात म्हणून त्यांच्या मुलीनंही बसायचं? सांगलीकर, स्टुडंट व्हिसाचा अर्ज आत्ताच करा, वाढदिवसाची वाट बघू नका. माझ्या भाच्यानं उशीर केला, त्याला सेमिस्टर सोडून पुण्याला परत जावं लागलं.

नाना शिकागो:
‘रडगाणं’ म्हणायला नको होतं. बाकी माझं म्हणणं तेच.

सांगलीकर डॅलस:
माई, अर्जाचं आजच बघतो. आणि नाना, माझ्या भावाला मत आहे. २०२० ला बायडनना दिलं, २०२४ ला गेलाच नाही. म्हणाला, दादाचं इतक्या वर्षांत काही झालं नाही, कुणासाठी रांग लावू?

एडिसनकर:
मिशिगनचं मान्य, माई. तिथं दारावर जाऊन भागलं नसतं. चार राज्यांचं मात्र मागं घेत नाही. सांगलीकर, तुमचा भाऊ कुठल्या राज्यात?

सांगलीकर डॅलस:
न्यू जर्सी. तुमच्याच एडिसनला.