मदत हवी आहे: नर्सिंगच्या मुलीला 'सेट' हा शब्द कसा शिकवावा?

नमस्कार मंडळी,

माझी भाची जुन्नरहून पुण्याला जीएनएमच्या (नर्सिंगचा डिप्लोमा) पहिल्या वर्षाला आली आहे. कोथरूडला आमच्याकडेच राहते. सगळं शिक्षण मराठीतून, बारावी आर्ट्सची. पोरगी हुशार आहे, टिबिया-फिब्युला अशी हाडांची नावं धडाधड म्हणून दाखवते. अडते ती साध्यासुध्या इंग्रजी शब्दांवर, आणि सध्या 'सेट'ने तिचा छळ मांडला आहे.

वहीच्या पहिल्या पानावर 'सेट = संच' असं लिहिलंय. वॉर्डात ते चालूनही गेलं: ड्रेसिंग सेट, डिलिव्हरी सेट, आयव्ही सेट (सलाईनची नळी). मग सिस्टर म्हणाल्या, 'आयव्ही सेटचा रेट सेट कर.' तेही ती बघून बघून शिकली. मायक्रो सेट, म्हणजे बारीक थेंबांचा, असेल तर एका मिलिलिटरला 60 थेंब, हे आता झोपेतही सांगेल. पुढे ऑर्थोला, म्हणजे हाडांच्या वॉर्डात, ड्यूटी लागली, तर तिथे प्लॅस्टर 'सेट' व्हायला लागलं, हाडही 'सेट' करायला लागले. आणि परवा वही चाळताना 'रिगर मॉर्टिस सेट्स इन' (मेल्यावर शरीर ताठरतं ते) या ओळीशेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं, 'कसला संच?' हसू आलं आणि वाईटही वाटलं. वर्गात विचारायला लाजते, दुसरं काय!

मी थोडी शोधाशोध केली. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या 1989 च्या आवृत्तीत 'सेट' या क्रियापदाचे 430 अर्थ दिले आहेत आणि ती एकच नोंद साधारण 60,000 शब्दांची आहे. 2011 मध्ये 'रन'ने त्याला मागे टाकलं, 645 अर्थ. त्या एका शब्दावर कोशाचे संपादक नऊ महिने बसले होते म्हणे. हे भाचीला सांगितलं तर ती वाकडेवाडीहून सरळ जुन्नरची एसटी धरेल.

एक गोष्ट मात्र उपयोगी वाटली. 'संच' या अर्थाचा सेट फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आलेला, आणि क्रियापद मूळ इंग्रजीतलंच, 'सिट'चं प्रयोजक रूप. म्हणजे आपलं बसणे-बसवणे. पुढे दोघांची सरमिसळ झाली ती वेगळी. मग मी तिला 'बसवणे' धरून चालायला सांगितलं. हाड बसवतात, अंगठीत खडा बसवतात, छान जमलं. पण दही आपण लावतो, गजर लावतो, सापळा लावतो. पेपर काढतात, सूर्य मावळतो. आणि मढं ताठरण्याला काय म्हणायचं? तिथे माझं सूत्र संपलं.

तर जाणकारांनी सांगा: असे शब्द मराठी माध्यमातल्या मुलांना शिकवायची काही रीत आहे का? आणि कोश कुठला घ्यावा? नुसते यादीवाले इंग्रजी-मराठी कोश नकोत, घरात दोन आहेत.

प्रतिसाद

ताई, मी पेठेतल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचो, आता निवृत्त. तुमच्या भाचीला सांगा, 430 ला घाबरू नकोस, तुझ्या तोंडात आपलं 'लागणे' रोज खेळतंच आहे. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, तो माझा मावसभाऊ लागतो, आमटी खारट लागते, फोन लागत नाही. स्वारगेटला फलाटावर गाडी लागते ते वेगळं आणि वरंध घाटात गाडी लागते ते वेगळं. तिला कुणी यादी दिली होती? 'लागणे'च्या शेजारी कोण उभं आहे यावरून आपण अर्थ ओळखतो. मोल्सवर्थच्या 1857 च्या मराठी-इंग्रजी कोशात 'लागणें' काढून दाखवा, आपणही काही कमी नाही हे कळेल.

म्हणून वहीत सुटा शब्द लिहूच देऊ नका, जोडी लिहायला लावा. प्लॅस्टरबरोबर सेट म्हणजे घट्ट होणं. रेट किंवा अलार्मबरोबर सेट म्हणजे ठरवून लावणं. हाडाबरोबर बसवणं. आणि मागे 'इन' आलं की बहुतेक वेळा नको असलेलं काहीतरी येऊन मुक्काम ठोकतं: इन्फेक्शन, थंडी, निराशा. रिगर मॉर्टिस त्याच रांगेतलं.

कोश लर्नर्स डिक्शनरी म्हणून मिळतो तो घ्या, इंग्रजी-इंग्रजीच. ऑक्सफर्डचा मोठा कोश जुन्यात जुना अर्थ आधी देतो, तो संशोधकांना ठीक. शिकणाऱ्यांच्या कोशांत सहसा रोजच्या वापरातला अर्थ वर असतो आणि वाक्यंही सोपी असतात.

प्रतिसाद

मी स्टाफ नर्स आहे. वरच्या सरांना अनुमोदन. फक्त ऑर्थोचं एक नीट करून घ्या: पीओपी (प्लॅस्टर) 'सेट' होणं आणि 'ड्राय' होणं या दोन गोष्टी आहेत. सेट काही मिनिटांत होतं, तेव्हा हाताला गरम लागतं. पूर्ण वाळायला दोन-तीन दिवस जातात, तोवर ओलं प्लॅस्टर बोटांनी दाबायचं नाही, तळव्यावर उचलायचं. व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) हमखास विचारतात. दोन्हीला 'सुकणे' लिहिलं असेल तर आजच खोडायला सांगा.

धागाकर्ती

सर, ताई, खूप आभार! वही बघितली, 'सुकणे'च लिहिलेलं होतं, खोडलं. 'मुक्काम ठोकणे' तिला फार आवडलं. मघाशी स्वयंपाकघरातून ओरडून सांगत होती, मावशी, पाऊस सेट इन झाला!

आता तिचं पुढचं पान 'डिस्चार्ज'चं आहे. पेशंटचा डिस्चार्ज आणि जखमेचा डिस्चार्ज. तेही जोडीनेच लिहायला सांगते. शनिवारी अप्पा बळवंत चौकात जाणार आहोत, लर्नर्समध्ये एवढ्या जाड्या पुस्तकाऐवजी लहान आवृत्ती चालेल का तेवढं कुणीतरी त्याआधी सांगा. तिला बसमध्ये वाचायला हवंय.