शब्दचर्चा : ग्रीक 'हेरोस' म्हणजे नेमका कोण?

अनुवादी :
ग्रीक पुराणकथा मराठीत आणताना 'हीरो' (मूळ ग्रीक 'हेरोस') या शब्दापाशी गाडी अडते. नायक, वीर, महावीर, अर्धदेव हे सगळे पर्याय वापरलेले दिसतात. पण क्लिओमिडीससारखी कथा आली की एकही बसत नाही. ॲस्टिपलाया या ग्रीक बेटाचा हा मुष्टियोद्धा. इ.स.पू. 492 च्या सुमारास ऑलिंपियात त्याच्या हातून प्रतिस्पर्धी मेला आणि पंचांनी त्याचे जेतेपद नाकारले. तो वेडापिसा होऊन घरी परतला आणि शाळेचा खांब उपटून छत पाडले. साठेक मुले होती आत. लोक मारायला धावले तेव्हा अथेना देवीच्या देवळातल्या पेटीत लपला. पेटी फोडली तर रिकामी. डेल्फीला अपोलो देवाच्या देवळात कौल लावला, तर उत्तर मिळाले की हा शेवटचा हेरोस आहे, याला बळी देऊन मान द्या. मुलांचे प्राण घेणाऱ्याला हा मान मिळतो, तर ग्रीकांचा निकष होता तरी काय?

पोथीवाला :
आधी कोणत्या काळाचा ग्रंथ ते पाहा. होमरकडे हा शब्द जिवंत माणसांना लागतो आणि त्यात पूजेचा वास जवळजवळ नाही. इलियडच्या सुरुवातीच्या ओळींतच अकिलीसच्या रागाने 'हेरोएस'चे ('हेरोस'चे अनेकवचन) आत्मे पाताळात धाडले असे येते. तिथे अर्थ लढवय्ये, सरदार. ओडिसीत तर आंधळा गायक डेमोडोकस आणि दारू वाढणारा मूलिओस नावाचा भालदार यांनाही हेच विशेषण आहे. दोघांपैकी कोणीही रणांगण गाजवलेले नाही. म्हणून होमरच्या भाषांतरात सरसकट 'महावीर' लिहिले की गायकापाशी पंचाईत होते. तिथे 'मानकरी'च्या जवळचे काही हवे.

होमरच्या आसपासचा कवी हेसिअड याच्याकडे तो एका पिढीचे नाव होतो. त्याने मानवाची पाच युगे सांगितली आहेत : सोने, रुपे, कांसे, मग हेरोएस, मग लोखंड. चौथे युग एवढेच धातूविना आहे, आणि उताराच्या ओळीत तेवढेच आधीच्यापेक्षा चांगले. या पिढीला तो 'हेमिथेओई' म्हणजे अर्धदेव म्हणतो. ते संपले दोन युद्धांत, एक सात वेशींच्या थीब्जचे आणि दुसरे ट्रॉयचे.

अनुवादी :
मग 'अर्धदेव' सरळ का नको? आई किंवा बाप देव असणे हा निकष धरला तर?

पोथीवाला :
टिकत नाही. हेराक्लीस देवराज झ्यूसचा, अकिलीस थेटिस देवीचा, तिथवर ठीक. पण इडिपसचे आईबाप दोघेही माणसे. ओडिसियसचेही तसेच. आणि दोघांचीही पूजा होत असे. 'अर्धदेव' हे हेसिअडने एका पिढीला दिलेले वर्णन आहे, शब्दाची व्याख्या नव्हे. शालेय पुस्तकांतली बहुतेक चूक इथूनच निघते.

पाथरवट :
मूळ प्रश्नाचे उत्तर ग्रंथांपेक्षा जमिनीत जास्त आहे. अभिजात काळातल्या (इ.स.पू. पाचवे-चौथे शतक) साध्या ग्रीक माणसासाठी हेरोस म्हणजे मेलेला, पण सामर्थ्य न गेलेला, आणि एका ठिकाणाशी बांधलेला पुरुष किंवा स्त्री. सद्गुण ही अट नाही. पराक्रम हीसुद्धा नाही. नेमियात ऑफेल्टीसची पूजा होई. ते तान्हे मूल होते. दाईने जमिनीवर ठेवले आणि सापाने मारले, एवढीच त्याची कथा. नेमियाचे खेळ त्याच्या स्मृतीचे मानले जात. ज्यांचा मृत्यू अकाली, हिंसक किंवा गूढ होता, त्यांच्यात उरलेली शक्ती गावाला तारूही शकते, नासवूही शकते. क्लिओमिडीस इथे चपखल बसतो : अफाट बळ, भयंकर कृत्य, आणि शरीरच नाहीसे. त्याला मान देणे म्हणजे कौतुक नव्हे, बंदोबस्त आहे.

ठिकाण इतके महत्त्वाचे की हाडांसाठी राजकारण चाले. शेजारच्या तेगीया नगराशी लढाया हरत असलेल्या स्पार्टाला कौल मिळाला की ओरेस्टीसची (ट्रॉयच्या युद्धातला सेनापती ॲगमेम्नॉनचा मुलगा) हाडे आणा. ती तेगीयातच एका लोहाराच्या अंगणात सापडली. इतिहासकार हेरोडोटस शवपेटीची लांबी सात हात सांगतो, म्हणजे सुमारे तीन मीटर. अथेन्सचा सेनापती किमोन याने इ.स.पू. 475 च्या आसपास स्किरोस बेटावरून अथेन्सचा पुराणातला राजा थिसियस याची म्हणून हाडे आणली. नाटककार सोफोक्लीसच्या शेवटच्या इडिपस-नाटकाचा सगळा ताण हाच आहे : बापाला मारून आईशी लग्न केलेला हा माणूस कुणाच्या मातीत पुरला जाणार? कारण ज्या मातीत तो, तिचे रक्षण तो करणार.

माणूस हेरोस झाल्याचे तारखेनिशी उदाहरण हवे असेल तर ब्रासिडास घ्या. स्पार्टाचा हा सेनापती इ.स.पू. 422 मध्ये अँफिपोलिस नगरापाशी लढाईत पडला. इतिहासकार थ्युसिडिडीसच्या नोंदीप्रमाणे गावकऱ्यांनी त्याला वेशीच्या आत पुरले, थडग्याभोवती कुंपण घातले, दरवर्षी बळी आणि खेळ सुरू केले, आणि मूळ संस्थापक, अथेन्सचा हाग्नोन, याच्या स्मारकवास्तू पाडून ब्रासिडासला संस्थापक ठरवले. अथेन्सशी नाते तोडण्याचा हा त्यांचा मार्ग होता.

अनुवादी :
पूजाविधी देवाहून वेगळा होता का? भाषांतरात दोन्हीकडे 'यज्ञ' लिहिणे चूक ठरेल?

पाथरवट :
क्रियापदे दोन आहेत. देवाला 'थिएइन', म्हणजे उंच वेदीवर भाग जाळायचा आणि मांस सगळ्यांनी खायचे. मृताला 'एनागिझेइन', म्हणजे सगळे अर्पण करून टाकायचे. रक्त जमिनीतल्या खड्ड्यात, बोथ्रोसमध्ये, सोडत. ऑलिंपियात पेलोप्स या पुराणातल्या राजाला दरवर्षी काळा मेंढा देत. जळण पांढऱ्या पॉपलरचेच. मेंढ्याची मान तेवढी लाकूड पुरवणाऱ्याला मिळे. त्या मांसातले ज्याने खाल्ले त्याला झ्यूसच्या देवळात प्रवेश बंद. हेराक्लीसबाबत काही ग्रीक दोन वेगळी स्थाने ठेवत, एकीकडे अमर देव म्हणून आणि दुसरीकडे हेरोस म्हणून. हेरोडोटसला हेच सर्वांत योग्य वाटते.

पण यावरून 'हेरोसला कायम रात्री, खड्ड्यात, संपूर्ण जाळून' असा नियम लिहू नका. जुन्या पुस्तकांत तो आहे. शिलालेख तपासल्यावर तो कोसळला. अथेन्सजवळच्या एर्खिया गावाच्या इ.स.पू. चौथ्या शतकातल्या विधिपत्रिकेत देव आणि हेरोस एकाच यादीत येतात, किमतींसह : मेंढरू 10 ते 12 द्राख्मा (ग्रीक चांदीचे नाणे), डुकराचे पिल्लू 3 द्राख्मा. संपूर्ण जाळायचे असेल तिथे तसे मुद्दाम कोरले आहे, कित्येक नोंदींपुढे 'मांस बाहेर नेऊ नये' असेही. म्हणजे बहुतेक ठिकाणी हेरोसच्या नावानेही जेवणच उठत असे. मराठीत 'बळी' हा शब्द दोन्हींना चालेल. 'यज्ञ' टाळावा, वैदिक चित्र डोळ्यांपुढे येते.

निरुक्त :
व्युत्पत्तीविषयी थोडे. 'हेरोस'चा आपल्या 'वीर'शी संबंध जोडला जातो, तो चूक. संस्कृत 'वीर'चा भाऊ लॅटिन 'विर' (पुरुष) आहे. 'हेरोस'ला 'रक्षण करणे' या धातूतून काढण्याचा प्रयत्न झाला, पण त्यासाठी शब्दात मुळात 'व' असायला हवा होता. पिलोसच्या मायसिनीयन (होमरच्याही कित्येक शतके आधीच्या) मातीपाट्यांवर 'ति-रि-से-रो-ए' म्हणजे 'त्रिवार हेरोस'ला अर्पण अशी नोंद आहे, आणि तिथे 'व' नाही. त्या लिपीत 'व' लिहिला जातो, म्हणून हा पुरावा वजनदार.

खरे नाते दुसऱ्या शब्दात आहे. अकिलीसपुढे निवड असते : घरी परतून दीर्घायुष्य, किंवा ट्रॉयला मरण आणि 'क्लेओस आफ्थितोन', न झिजणारी कीर्ती. ऋग्वेदात (1.40.4) 'अक्षिति श्रवः' येते. दोन्ही शब्द मुळांसकट जुळतात : क्लेओस आणि श्रवस्, आफ्थितोन आणि अक्षित. जर्मन भाषाशास्त्रज्ञ आडालबर्ट कून यांनी 1853 मध्ये हे दाखवले. म्हणून 'क्लेओस'ला 'प्रसिद्धी' लिहू नये, 'कीर्ती' हवी. जे कानांनी ऐकले जाते, गायिले जाते, ते.

पोथीवाला :
जाता जाता दोन शब्द, कारण हेही 'हीरोची लक्षणे' म्हणून सर्रास शिकवले जातात. 'हामार्तिया' म्हणजे स्वभावदोष नव्हे. नेम चुकणे, चूक होणे. आणि 'हिब्रिस' म्हणजे नुसता गर्व नव्हे. अथेन्समध्ये तो खटला भरण्याजोगा गुन्हा होता : दुसऱ्याची अप्रतिष्ठा होईल असे वागणे, बहुधा हात उचलून. शिवाय ॲरिस्टॉटल शोकांतिकेतल्या मुख्य पात्राला 'हेरोस' म्हणतच नाही. 'कथेचा नायक' हा अर्थ युरोपात फार नंतर चिकटला. तेव्हा 'नायक' फक्त नाटकाच्या चर्चेत वापरा.

पाथरवट :
पूजेच्या संदर्भात मराठीत 'वीर' चालतो, पण त्याचा देवघरातला अर्थ धरून. महाराष्ट्रात अनेक घरांत अकाली गेलेल्या पुरुषपूर्वजाचा 'वीर' म्हणून टाक पुजतात. तो कोपू नये ही भावना त्यात असते, आणि ती हेरोसच्या फार जवळ आहे. वीरगळ मात्र थोडी दूर : खालच्या चौकटीत लढाई, मधे अप्सरा नेत आहेत, वर शिवलिंगाची पूजा. तिथे रणात मरणे हाच निकष, आणि वीर गावाशी बांधलेला राहण्याऐवजी स्वर्गात जातो. ऑफेल्टीससारख्या बाळाला वीरगळ मिळाली नसती.

अनुवादी :
मग होमरसाठी संदर्भानुसार 'योद्धा' किंवा 'मानकरी', हेसिअडसाठी 'हेरोसांची पिढी', नाटकासाठी 'नायक', आणि थडगे, हाडे, बळी आले की 'हेरोस' तसाच ठेवून पहिल्या वेळी 'कोपणारा-तारणारा मृत वीर' अशी फोड. स्त्रियांचे काय? ब्राउरोनची इफिगेनिया, थेराप्नेची हेलन, यांचीही त्या त्या ठिकाणी पूजा होई.

निरुक्त :
ग्रीकमध्ये 'हेरोइने' आणि 'हेरोइस' ही रूपे आहेत. 'नायिका' अजिबात नको, नाटकातली वाटेल. 'हेरोइने' ठेवा, अनेकवचन पुरुषांसाठी 'हेरोएस'. स्थानाला 'हेरोऑन', आणि त्याचे भाषांतर 'मंदिर' न करता 'ठाणे' करा. थडग्याभोवतीचे साधे कुंपणही त्यात येते.